जोतीराव फुले आणि रानातली माती

यंदा आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिहून दे, असे आपल्या अध्यक्षीणबाईंनी मला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली, आणि लिहिणे म्हणजे किराणा सामानाची यादी नि दुधाचा हिशेब एवढेच. तरी कुणाचे चरित्र लिहावयाचे, हे मी चूल पेटवता पेटवताच ठरवून टाकले. जोतीराव फुल्यांचे. मुलींची शाळा काढणारे म्हणून ते आपणां सर्वांना ठाऊक आहेत, आणि आज आपण बायका इथे बसून वाचतो-लिहितो ती त्यांची नि सावित्रीबाईंचीच पुण्याई. पण त्या शाळेबद्दल आपण दर वर्षी जयंतीला ऐकतो. मला सांगावयाचे आहे ते त्यांच्या शेतीविषयी, आणि रानातले पाणी नि माती रानातच राहावी म्हणून त्यांनी काय काय सुचवले त्याविषयी. आपला पुरंदर तालुका म्हणजे माळरानाचा. इथल्या बाईला पाण्याची गोष्ट सांगितली, तर ती हातातले काम ठेवून ऐकते.

आणि मैत्रिणींनो, जोतीराव तसे आपल्याच तालुक्याचे. त्यांचे मूळ घराणे गोऱ्ह्यांचे, सातारकडच्या कटगुणचे. तिथून त्यांचे पूर्वज आपल्या खानवडीला येऊन राहिले. आजोबा शेटीबा यांचे पुढे हाल झाले, म्हणून ते बिऱ्हाड घेऊन पुण्याला गेले. त्यांचे तीन मुलगे फुलांच्या धंद्यात शिरले. फुले, हार, गजरे पेशव्यांच्या वाड्यात जाऊ लागले, कामावर खूश होऊन जमीन इनाम मिळाली, आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. पण ती जमीन थोरल्या भावाने एकट्याच्या नावावर करून घेतली. जोतीरावांचे वडील गोविंदराव धाकटे. त्यांच्या वाट्याला काही आले नाही. भावाभावांत जमिनीवरून काय होते हे मी तुम्हांला वेगळे सांगायला नको.

जोतीरावांचा जन्म 1827 सालचा. आई चिमणाबाई, मूल वर्षाचे व्हायच्या आतच गेली. मावसबहीण सगुणाबाई यांनी पोराला वाढवले. मराठी शाळेत चार अक्षरे झाली न झाली तोच लोकांचे ऐकून वडिलांनी त्यांना शाळेतून काढले आणि मळ्यात घातले. तेव्हा खुरपे, पाभर नि मोट या गोष्टी त्यांना पुस्तकातून कळलेल्या नाहीत. तेराव्या वर्षी लग्न झाले, नायगावच्या सावित्रीबाईंशी. (हे नायगाव खंडाळा तालुक्यातले. आपल्या तालुक्यातही एक नायगाव आहे. त्याची गोष्ट पुढे येईल.) शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिटसाहेब यांनी पोराची हुशारी पाहून गोविंदरावांची समजूत काढली, म्हणून 1841 साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. त्या दोघा शेजाऱ्यांनी तोंड उघडले नसते तर पुढचे काहीच घडले नसते. चांगले शेजारी म्हणजे काय, ते यावरून कळते.

1848 साली शाळा निघाली, 1849 साली त्यापायी नवराबायकोला घर सोडावे लागले, हे सर्व तुम्हांला ठाऊक आहे. मी पुढे जाते.

पोट भरण्यासाठी जोतीराव व्यापार नि कंत्राटे करीत. मुठा नदीवर खडकवासल्याला धरण बांधले जात होते. 1879 साली ते पुरे झाले. त्या कामाला सामान पुरवण्याचे कंत्राट त्यांनी घेतले होते. मजुरांच्या मजुरीतून कोण कसे खाते, हजेरीच्या वहीत काय लिहिले जाते नि हातात काय पडते, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले आणि पुढे लिहूनही ठेवले. मांजरीला त्यांची स्वतःची जमीन होती. त्या बाजूने मुठेचा कालवा गेला. म्हणजे धरण बांधताना त्यांनी पाहिले, कालव्याचे पाणी वाटताना पाहिले, आणि शेतकरी म्हणून ते पाणी कसे मिळते किंवा मिळत नाही हेही पाहिले. पाण्याविषयी बोलणारे पुष्कळ असतात. तिन्ही बाजूंनी पाहिलेला असा एखादाच.

1868 साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. आज हे वाक्य लिहायला एक ओळ लागते. पण त्या काळी पुण्यात उन्हाळ्याच्या दिवसांत त्या बायाबापड्यांना घोटभर पाण्यासाठी सार्वजनिक हौदापासून लांब उभे राहून कुणाच्या तरी दयेची वाट पाहावी लागे. कुणी ओतले तर घ्यायचे. अशा वेळी स्वतःच्या दारातला हौद दाखवून, या आणि आपल्या हाताने भरून न्या, असे सांगणे म्हणजे सगळ्या गावाशी वैर. हौदावर आपल्याआधी कुणी हंडा लावला तर आजही आपल्यात दोन दोन दिवस अबोला असतो. म्हणून मला या गोष्टीचे मोल फार वाटते. पुढे पाण्याच्या वाटणीविषयी त्यांनी जे लिहिले, त्याचे मूळ मला या हौदात दिसते.

मग 1876 चा दुष्काळ आला. तो दोन वर्षे हटला नाही. गुरे मेली, माणसे गाव सोडून निघाली, आईबापांची पोरे वाटेवर राहिली. जोतीराव, सावित्रीबाई आणि सत्यशोधक समाजाच्या लोकांनी धनकवडीला अशा पोरांसाठी छावणी उघडली आणि त्यांच्या तोंडात भाकरी घातली. त्यासाठी 1877 च्या मे महिन्यात जोतीरावांनी लोकांकडे मदत मागणारे पत्रक काढले. सावित्रीबाई त्याच साली ओतूरकडे दुष्काळाच्याच कामात होत्या. मला वाटते, दारात आलेल्या भुकेल्या पोराला भाकरी देणारे पुष्कळ असतात. ती भाकरी त्याच्या बापाच्या रानातून का गेली, हे शोधत बसणारे थोडे. जोतीराव शोधत बसले.

त्यातून त्यांचे शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक झाले. 1883 च्या जुलै महिन्यात त्यांनी ते लिहून पुरे केले. ते बडोद्याला सयाजीराव महाराजांपुढे त्यांनी वाचून दाखवले आणि महाराजांनी त्यांचा मान केला. पण छापण्याची गोष्ट निराळी. पहिले दोन भाग दीनबंधु पत्रात आले. पुढचे छापण्याचा धीर छापणाऱ्यांना झाला नाही. त्यावर जोतीराव चांगलेच चिडले होते.

आता या पुस्तकात शेतकऱ्याच्या अडाणीपणाला कोण कसे लुबाडते याचे वर्णन पुष्कळ आहे, नि भाषा तिखट आहे. काही ठिकाणी इतकी तिखट की वाचताना मी दाराकडे पाहिले, कुणी ऐकत तर नाही ना. भटजी, सावकार, साहेब, कारकून, कुणालाही त्यांनी सोडलेले नाही. चौथ्या भागात एक शेतकरी साहेबाच्या छावणीवरून हात हलवीत परत येतो आणि आंब्याच्या झाडाखाली पडून स्वतःशीच बोलत राहतो. ते वाचून पदर डोळ्यांना लावावा लागतो. पण मला सर्वांत आवडला तो शेवटचा, पाचवा भाग. कारण तिथे रडणे संपते आणि काय करावयाचे ते सुरू होते.

त्यात ते म्हणतात त्याचा अर्थ मी माझ्या शब्दांत सांगते. डोंगरावरच्या झाडांची पानेफुले, गवत, मेलेले किडेमुंगी नि जनावरे हे सारे कुजून त्याचे एक सत्त्व होते. वळवाचा पाऊस पडला की ते सत्त्व पाण्याबरोबर खाली येते. ते रानात थांबले तर रान पिकते. न थांबले तर ओढ्यातून नदीत नि नदीतून दूर निघून जाते, आणि शेतकऱ्याच्या हाती नुसते दगडगोटे राहतात. म्हणून सोयीच्या जागा पाहून ताली नि बंधारे असे घालावेत, की पडलेले पाणी आधी साऱ्या शेतातून मुरत जाईल आणि मगच ओढ्यानाल्याला मिळेल.

हे 1883 साली लिहिलेले आहे. आज कृषी खात्याचे लोक गावात येऊन पडद्यावर चित्रे दाखवतात, माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे करा म्हणतात, समपातळीवर चर खणा म्हणतात, तेही हेच. जोराने धावणारे पाणी माती घेऊन जाते, चालणारे पाणी थोडी नेते आणि थांबलेले पाणी उलट माती देऊन जाते. माझ्या सासूबाई एक अक्षर शिकलेल्या नव्हत्या, पण त्या म्हणत की बोट बोट मातीचा थर साचायला किती पिढ्या जातात नि जायला एक दुपार पुरते. वळवाचा एक दांडगा पाऊस झाला की आपल्या ओढ्याचे पाणी चहासारखे लाल होते. तो रंग म्हणजे आपलेच रान. बायकांनो, तांदूळ धुताना आपण दुसरा हात आडवा धरतो ना, पाणी जावे पण दाणा जाऊ नये म्हणून? बांध म्हणजे तोच आडवा हात. फक्त त्याला एका अंगाने सांड ठेवावी लागते, नाहीतर जास्त झालेले पाणी बांधच फोडून जाते आणि एका रात्रीत होते ते नुकसान दहा वर्षांचे असते.

हे काम कुणी करावयाचे, तर जोतीरावांनी सरकारला सांगितले की तुमच्या लष्करातले गोरे नि काळे शिपाई आणि पोलिसांतली जादा माणसे रिकामी बसलेली आहेत, त्यांना लावा! उघड्या हवेत काम करून शिपायांची प्रकृती सुधारेल, शेतकऱ्याचे पीक वाढेल आणि सरकारच्या उत्पन्नातही भर पडेल. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. लाल डगला घातलेला गोरा सोजीर डोक्यावर पाटी घेऊन आपल्या माळावर ताल घालतो आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आले. पण विचार केला तर यात हसण्यासारखे काही नाही. शेतकऱ्याच्या साऱ्यावर पगार खाणाऱ्याने शेतकऱ्याच्या बांधावर चार दिवस राबावे, एवढाच तो हिशेब आहे.

आणखीही पुष्कळ सुचवले आहे. डोंगरदऱ्यांत जागोजाग तळी नि तलाव बांधा. गावोगावच्या जमिनी तपासून, पाणाड्यांकडून पाण्याच्या जागा शोधून त्या गावच्या नकाशावर दाखवा आणि जो शेतकरी सरकारी मदतीवाचून विहीर खणील त्याला बक्षीस द्या. नदी, नाले, तळी यांतला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्याला रानात नेऊ द्या. जंगल खात्याने बळकावलेली गायराने गावांना परत करा. चांगल्या जातीची गुरे, शेळ्यामेंढ्या आणा, नांगरण्यापेरण्याची परीक्षा घेऊन शेतकऱ्यांना बक्षिसे द्या. गाळाची गोष्ट आपल्याकडे अजून चालते. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ ट्रॅक्टरने रानात पडतो, आणि त्या वर्षी बाजरी कशी उभी राहते ते तुम्ही पाहिले आहे.

कालव्याच्या पाण्याविषयी तर ते फारच परखड आहेत. पाटबंधाऱ्याचे अधिकारी पाणीपट्टी दुपटीने घेतात, पण पिकाला पाणी वेळेवर मिळाले की नाही हे पाहत नाहीत. उभे पीक वाळले तर त्याची भरपाई कुणी देत नाही. म्हणून प्रत्येकाच्या जमिनीच्या मानाने मोजून एकेक तोटी द्यावी, असे त्यांनी लिहिले आहे. नळाची तोटी! शंभर-सव्वाशे वर्षांनी आपल्या डाळिंबा-अंजिराच्या बागांत ठिबकच्या नळ्या आल्या, तेव्हा मोजून पाणी देणे म्हणजे काय ते आपल्याला कळले.

सरकारने त्यांचे ऐकले का? तेव्हा नाही. 1942 साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारण्याचा कायदा झाला आणि सरकारी बांधबंदिस्ती गावोगाव होऊ लागली. असूड लिहिला त्याला तोवर एकोणसाठ वर्षे झाली होती. पुढे 1972 चा दुष्काळ आला. आमच्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी. हळदीचा रंग उतरण्याआधी हातात घमेले आले. पाझर तलावाच्या नि नालाबांधाच्या कामावर त्या सुकडी खाऊन राबल्या. शिपाई कुणी आले नाहीत. ताली घातल्या त्या आपल्याच बायकांनी. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण हिशेबात ते धरलेच पाहिजे. त्याच दुष्काळानंतर आपल्या तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची उजाड माळजमीन घेतली, ताली घातल्या, तळे नि विहीर केली आणि दाखवून दिले की तिथेही पीक येते. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी माणसांच्या संख्येवर मिळे, जमिनीवर नव्हे, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही हक्क असे. उसाला पाणी नाही, हा नियम. जोतीरावांनी जमिनीच्या मानाने तोटी मागितली होती. विलासराव एक पाऊल पुढे गेले. हौद खुला करणाऱ्या माणसाला हे नक्की पटले असते.

पुन्हा चरित्राकडे येते. 1888 च्या मार्च महिन्यात इंग्लंडच्या राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात होते. त्यांच्यासाठी मोठी मेजवानी झाली. हिरेमाणके घातलेली मंडळी जमली होती. जोतीरावांनाही बोलावणे होते. ते गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. आणि उभे राहून त्यांनी राजपुत्राला सांगितले की इथे जमलेले हे लोक म्हणजे हा देश नव्हे. देश पाहावयाचा असेल तर खेड्यात जा आणि तिथे काय नेसतात, काय खातात, ते आईसाहेबांना कळवा. मला नेहमी वाटते, घरून निघताना सावित्रीबाईंनी तो वेष पाहिला असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल. आपण असतो तर म्हणालो असतो, अहो, निदान आजच्या दिवशी तरी धड कपडे घाला. त्यांनी तसे म्हटले असेल असे मला वाटत नाही.

त्याच साली मे महिन्यात मुंबईच्या लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली, आणि जुलैमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग गेले. पैसाही सरत आला होता, आजारपणात ओढाताण झाली. तरी त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतले आणि आपले शेवटचे पुस्तक, सार्वजनिक सत्य धर्म, पुरे केले. ते छापून आले 1891 साली. ते पाहायला जोतीराव राहिले नव्हते.

28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावे, अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. पण राहत्या वस्तीत पुरण्याला परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. दत्तक मुलगा यशवंत. पण टिटवे धरण्याचा हक्क कुणाचा, यावरून भाऊबंदांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे हातात घेऊन स्वतः प्रेतापुढे चालू लागल्या. त्या काळी बाईने असे करणे कुणी ऐकलेही नव्हते. मग अस्थी घरी आणून त्यांनी खणलेल्या त्याच खड्ड्यात ठेवल्या. पुण्याच्या गंज पेठेतल्या फुले वाड्यात गेलात तर मागच्या अंगाला त्या जागेवर तुळशीवृंदावन आहे, आणि त्याच आवारात विहीरही आहे.